जैबुनबी आरशात पाहून खेळे

आमच्या ढाणकीत आजही कोनाले विचारा, मुजफ्फरच्या दुकानातली ती खड्याची मशीन आठवते का? लगेच डोळे चमकतीन. "हाव बाप्पा, काय खेळे ती मशीन!" मले तिथंच राग येते. मशीन कायले खेळन? मशीनले का हात होते? खेळे ती जैबुन. हात तिचे, नजर तिची, अन् नाव मशीनचं. म्हनून म्हनलं, आज सांगूनच टाकते. बसा.

मी सत्यभामा. कापूस खरेदी केंद्राच्या रस्त्यावर माही आलुबोंड्याची टपरी होती. तोंडानं मी फटकळ, हे आदीच सांगून ठेवते. माहा नवरा उकंडा म्हने, "तुह्या कढईतल्या तेलापेक्षा तुहं तोंड जास्त तापते." खोटं नाई म्हनत तो. पन जैबुन शांत. एवढी शांत का मले कदी कदी तिचाच राग ये. माह्या तोंडातून शंभर शब्द निंघाले का तिचा एक निंघे, अन् लोकं तिचाच तेवढा ध्यानात ठेवत.

माह्या टपरीले लागून मुजफ्फर मेकॅनिकचं टिनाचं दुकान. विहिरीवरच्या मोटरी, स्टार्टर, पंखे, काय पाहिजे ते तो दुरुस्त करे. जैबुन त्याची बायको. दुकानाच्या मांगं त्याइचं घर, अन् मधातल्या दारावर हिरवा पडदा. त्याइच्या घरान्यात बाईनं दुकानात बसाची रीत नोती. म्हनून का जैबुन रिकामी बसे? जळालेली मोटर आली का मुजफ्फर ती खोलून पडद्याखालून आत सरकवे, अन् आत बसून जैबुन तिच्यात तांब्याची तार भरे. मोटर भरनं म्हनतात त्याले. एक वेढा चुकला का मोटर पुन्हा जळते. जैबुननं भरलेली मोटर सालोसाल चाले, अन् लोकं पान खात खात म्हनत, "मुजफ्फरच्या हाताले यश हाये गा!" ते ऐकून माहा जळफळाट होये. जैबुन मात्र आतून हासे.

तेव्हाची सालं कापसाची लय वाईट सालं होती. बोंडअळीनं पऱ्हाट्या खाऊन टाकल्या, अन् जे घरी आलं त्याले कोनी धड विचारे ना. सरकारी काट्यासमोर बैलबंड्याइची रांग लागे, ती थेट नाल्यापर्यंत. एकदा रांगेत बंडी लावली का मानूस दोन-दोन, तीन-तीन दिवस तिथंच. बंडीखाली निजे, माह्या टपरीवर चहा पिये, अन् कापूस पारखनारा ग्रेडर आला का नाई म्हनून माना लांब करून पाहे. कोनी कोनाशी बोले ना. बोललं का भांडनच होये.

अशा दिवसात मुजफ्फरनं ती मशीन आनली. पुसदच्या एका गेमवाल्यानं दुकान मोडलं, त्याच्याकडं मुजफ्फरनं लय काम केलतं, तर त्या कामाच्या बदल्यात त्यानं ही मशीन गळ्यात मारली. टेम्पोतून उतरवली तवा मी म्हनलं, "मुजफ्फरभाई, हे कपाट कायले आनलं?" तो म्हने, "सत्यभामाताई, कपाट नाई, गेम हाये. रांगेतल्या लोकाइचं मन रमन."

गेम असा होता. टीव्हीवर दोन उभे डबे. वरून रंगीत खडे जोडी-जोडीनं पडत, लाल, हिरवे, निळे, पिवळे, अंगठीत बसवतात तसे. एका रंगाचे खडे जवळ जवळ रचले का त्याइचा मोठा ठोकळा होये. मंग कदीतरी त्याच रंगाचा चमकता गोटा पडे. तो टेकला का सारा ठोकळा फुटे, अन् फुटला तेवढा माल समोरच्याच्या डब्यात जाऊन पडे. ज्याचा डबा गळ्यापर्यंत भरला तो मेला. दोन डब्याच्या मधात दोन पैलवान. मारामारीच्या दुसऱ्या एका गेममधले होते म्हनत ते, पन इथं त्याइची डोकी मोठी अन् पाय आखूड, लेकरासारखे. खडे फुटले का ते एकमेकाले बुक्क्या हानत. चार दिवसाची दाढी वाढलेला मानूस ते पाहून खुदकन हासे. मी पाह्यलं हाये.

पन रांगेतला मानूस एकटाच ये. बंडीजवळ कोनीतरी थांबाले पाहिजे ना. एकटा बसला का त्याच्यासंग मशीन स्वतःच खेळे, अन् ती मशीन म्हनजे भल्ली कसाई! बसला नाई का चोपला. मानूस उठून जाये तो पुन्हा येये ना. मुजफ्फरनं पेचकस घेऊन मशीनचं पोट फाडलं, आत हे हलवलं, ते हलवलं. काई होईना. तवा पडद्यामागून जैबुन बोल्ली, "मी खेळतो त्याइच्या संग. कोनाले काय समजते?"

मी तवा तिथंच होती, मांगच्या दारात, तिच्यासाठी आलुबोंडे घेऊन. मले वाटलं मुजफ्फर रागावन. तो डोकं खाजवत राह्यला, अन् मंग म्हने, "पाहू."

त्यानं मशीनच्या दुसऱ्या खेळाडूची जागा टिन ठोकून बंद करून टाकली. तिथल्या तारा काढून पडद्याखालून आत नेल्या, अन् एका लाकडी पाट्यावर दांडा अन् बटनं बसवून देल्ली. मशीन पडद्याले पाठ लावून उभी, म्हनजे जैबुन मशीनच्या मांगं. आता तिले टीव्ही कसा दिसन? आत दुसरा टीव्ही जोडून पाह्यला तर दोनीकडचं चित्र थरथर कापे. मंग मुजफ्फरनं एका बंद पडलेल्या केस कापाच्या दुकानातला मोठा आरसा आनला अन् समोरच्या भिंतीवर उंच, जराक तिरपा टांगला. जैबुन पडद्याच्या फटीतून, मशीनच्या डोक्यावरून त्या आरशात पाहे. आरशात सारं उलटं. डावं ते उजवं, उजवं ते डावं. म्हनून मुजफ्फरनं तिच्या दांड्याच्या दोन तारा बी उलट्या जोडल्या. असं ते उलट्यात उलटं बसलं. जैबुन म्हने, "मले तं हेच सुलटं वाटते."

पोट्टे त्या आरशात टाचा उंच करून केस विंचरत. ऐन गेममधात कोन्या पोट्ट्याचं डोकं आडवं आलं का आतून भांडं वाजे, अन् मुजफ्फर वरडे, "आरसा सोड बे!" पोट्ट्याइले कळे ना, आरशाचं एवढं काय हाये याच्या बापाले.

अन् काय खेळे जैबुन! मांडीवर पाटा, बाजूले स्टोव्ह, स्टोव्हवर कुकर, अन् नजर आरशात. रोज पैलवान बदलून घे, म्हनजे लोकाइले मशीनच वाटली पाहिजे. कोन्या पैलवानाचे खडे समोरच्याच्या डब्यात कोन्या रंगानं पडतात, हे तिले पाठ. समोरचा काय पाठवन त्याची जागा ती आदीच करून ठेवे. आरशात तिले टीव्ही दिसे, अन् मशीनच्या बाजूनं खेळनाऱ्याचं तोंड सुद्धा दिसे. मले वाटते तिचं खरं खेळनं ते तोंड पाहून होये.

एक डोमाजी म्हनून म्हातारा होता, महागावकडचा. ग्रेडरनं त्याचा सारा कापूस ओला म्हनून वापस केलता. म्हातारा मशीनसमोर येऊन बसला. खेळाले नाई, बसाले जागा पाहिजे होती म्हनून बसला. मंग खिशातलं नानं टाकलं त्यानं. अन् मशीन हरली! म्हातारा उठला, मांगं-पुढं पाह्यलं, अन् माह्या टपरीवर येऊन म्हने, "बाई, मशीन हरली वं माह्याकडून." दोन बोंडे खाल्ले त्यानं, अन् बंडी जुंपाले गेला. मी मांगच्या दारानं आत जाऊन म्हनलं, "काहून वं, म्हाताऱ्याकडून हरली?"

जैबुन कुकरचं झाकन लावून राह्यलती. म्हने, "तू तोंड नाई पाह्यलं त्याचं."

बस. एवढंच बोल्ली. आता सांगा, मशीन पाहाते का कोनाचं तोंड?

पन जो अकडून ये त्याले ती सोडे ना. अन् साऱ्यात अकडू होता धनसिंग. ढाणकी ते उमरखेड काळीपिवळी जीप चालवे तो. तांड्यावरचा गडी, हुशार, हाताचा साफ, बोलनं कडक. दुसरी जागा उघडी होती तवा गावातल्या साऱ्या पोट्ट्याइले त्यानं हरवलं, पन आता मशीन त्याले रोज हरवे. जीप भरेपर्यंत येऊन बसे, हरे, दात खाये, अन् सवाऱ्यावर चिडचिड करे. असं पुरं हिवाळाभर चाललं.

हुशार मानूस हरला का इचार करते. धनसिंग इचार करून राह्यलता. अन् एक दिवस त्याले सापडलं. आत कुकरची शिट्टी झाली का मशीन ढिली पडते! जैबुनले स्टोव्ह बारीक कराले पाटा सोडा लागे. तेवढ्या वेळात खडे आपलेच आपले पडत राहात. धनसिंगनं हे पाह्यलं, पुन्हा पाह्यलं, अन् बाजाराच्या दिवसापर्यंत पोटात ठेवलं.

त्या दिवशी काटा बंद. सकाळी कोनीतरी येऊन सांगतलं का आज मोजनी नाई, गोदामात जागा नाई. सारी रांग रस्त्यावर आली. बाजाराची गर्दी वेगळीच. जो तो तापलेला, कोनावर तरी काढाले पाहून राह्यलेला. अन् तेवढ्यात धनसिंग दुकानाच्या दारात उभा राहून मोठ्यानं म्हने, "अरे या रे सारे! मुजफ्फरभाईच्या मशीनले कुकरची शिट्टी ऐकू येते, माहीत हाये का?"

लोकं हासले. धनसिंग नाई हासला. म्हने, "आत मानूस बसवला हाये. रोज आपुन मशीन समजून नानं टाकतो, अन् आतून कोनीतरी हरवते. तारा जोडून काय काय करून ठेवलं असन, कोनाले ठाऊक? मुजफ्फरभाई, तुम्ही सांगा. आत कोनाचा हात नाई असं सांगा, मी चाललो जातो."

मुजफ्फरले खोटं बोलता येत नोतं. बोलला असता तर बरं झालं असतं, असं मले तवा वाटलं. तो हातातला पेचकस पुसत उभा राह्यला.

मंग काय, गर्दीले तेवढंच पाहिजे होतं. "लबाड हाये!" "मशीन फेका रस्त्यावर!" मी कढई उतरवून धावली, अन् ज्याइले काई घेनं ना देनं अशा दोघा-चौघाइले चांगलं झोडपलं तोंडानं. पन मंग नेमसिंग बोलला. कास्तकार मानूस, आवाज सुद्धा मोठा नाई त्याचा. म्हने, "मुजफ्फरभाई, माही मोटर तुमच्याकडं हाये. ती वापस द्या. तार नवी भरली का जुनीच गुंडाळली, दुसरीकडं उघडून पाहातो."

मशीन गेली तर जाऊ दे. पन मेकॅनिकच्या घरी लोकं बंद मोटर ठेवून जातात ते नावावर. आत काय भरलं ते कोनाले दिसते? मुजफ्फरचं नाव चाललं होतं, त्या भर बाजारात, माह्या डोळ्यासमोर. नेमसिंगच्या मांगून दुसरा म्हने, माहा स्टार्टर. तिसरा म्हने, माहा पंखा.

तेवढ्यात पडदा हलला अन् जैबुन बाहीर आली. डोक्यावर ओढनी, हाताले पीठ लागलेलं. त्या दुकानात मी तिले दिवसाउजेडी कदीच पाह्यलं नोतं. ती धनसिंगकडं पाहून म्हने, "हात माहा हाये."

धनसिंगचं तोंड पाहासारखं झालं. म्हने, "भाभी, तुम्ही?"

"हाव. मीच."

"मी बाईसंग नाई खेळत."

"मंग हिवाळाभर कोनासंग खेळला?"

गर्दीत कोनीतरी फस्सकन हासलं. धनसिंग लाल झाला. पन लबाड नोता तो, एवढं मी आज सुद्धा म्हनते. म्हने, "ठीक हाये. आतल्या तारात काय हाये मले माहीत नाई. इथं बाहीर बसा, साऱ्याइच्या समोर, मशीनच्या दांड्यावर. तीन डाव. तुम्ही जिंकल्या तर मुजफ्फरभाई साफ. नाई जिंकल्या तर लबाडी होती, असं सारा बाजार समजन."

मुजफ्फर हळूच म्हने, "जैबुन, राहू दे." तिनं त्याच्याकडं पाह्यलं सुद्धा नाई. म्हने, "टिन काढ."

त्यानं दुसऱ्या जागेवरचा टिन उचकटला, तारा जोडल्या. जैबुन धनसिंगच्या बाजूले स्टुलावर बसली. मले वाटलं, आता पाहा माही जैबुन! आता दाखवते एकेकाले!

अन् जैबुन हरली. नुसती हरली नाई, मायबाप, भुईसपाट झाली. नजर सवयीनं डाव्या डब्यावर जाये, अन् तो तं धनसिंगचा; जोडी इकडं फिरवावी तर ती तिकडं फिरे. निळ्यावर पिवळा, पिवळ्यावर हिरवा, सारा खिचडा. तिचा डबा पाहाता पाहाता भरला, अन् तिच्या पैलवानानं लोळन घेतली. पहिला डाव धनसिंगचा.

"पाहा!" मांगून कोनीतरी वरडलं. "आत जिंकते, बाहीर हरते! आता अजून काय पाहिजे?" नेमसिंग पुढं सरकला, मोटर कुठं ठेवली ते पाहाले. अन् मले समजलं काय झालं ते. ती बाई सारा काळ आरशात उलटं पाहून खेळली होती. सुलटी मशीन तिले येतच नोती! एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नोती, तारा जोडनाऱ्याच्या सुद्धा नाई.

जैबुन उठली. रडन असं वाटलं मले. ती आत गेली अन् तिचा पाटा घेऊन आली, तारांसकट. तो धनसिंगच्या मांडीवर ठेवला. म्हने, "तू डायव्हर हाये, तुले वायरिंग समजते. खोलून पाहा."

धनसिंगनं पाटा पालथा केला. दांड्याच्या तारा पाह्यल्या, बटनाच्या पाह्यल्या. लय वेळ पाहात राह्यला. मंग त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. म्हने, "ह्या तं उलट्या जोडल्या हायेत. ह्याच्यानं खेळनं अजून अवघड होईन."

"मी तिकडच्या आरशात पाहून खेळत होती," जैबुन म्हने. "मले तसंच येते. तुह्या बाजूलेच बसतो, माहे हात पाहात राहा. पन मले आरसा पाहिजे."

धनसिंगनं आरशाकडं पाह्यलं, पडद्याच्या फटीकडं पाह्यलं, अन् पाटा तिच्या हातात वापस देल्ला. लोकं कलकल कराले लागले तर त्यानंच त्याइले दाबलं, "चूप राहा बे. तारात काई नाई. मी पाह्यलं."

मुजफ्फरनं पाट्याच्या तारा पुन्हा मशीनले जोडल्या, अन् आरसा भिंतीवरून काढला. तो धरन कोन? मी. दुसरं कोन होतं तिचं तिथं? जैबुननं स्टूल फिरवलं अन् मशीनकडं पाठ करून बसली. धनसिंगचं तोंड टीव्हीकडं, अन् जैबुनचं तोंड थेट बाजाराकडं. मी तिच्यासमोर आरसा छातीशी धरून उभी. माह्या दोन्ही बाजूनं साऱ्या लोकाइले तिचं तोंड दिसून राह्यलतं, अन् तिले त्याइचं. ज्या बाईनं कदी पडदा सोडला नाई, तिले खेळासाठी अख्ख्या बाजाराकडं तोंड करून बसा लागलं.

दुसरा डाव चालू झाला. मले तिच्या डोक्यावरून टीव्ही दिसे. पहिली जोडी पडली, अन् गेली बरोब्बर जागेवर. दुसरी. तिसरी. तिची बोटं पाट्यावर चालत होती तशी मी आत बसून रोज पाह्यली होती. माहा जीव भांड्यात पडला. पन आरसा लय जड होता हो! मनगटं दुखाले लागले. अन् मांगून एक जन म्हनते, "हे काई तरी चेटूक हाये, आरशात पाहून कोन खेळते?"

माहं टाळकं सटकलं. मी वळली. वळली म्हनजे मान वळली, पन आरसा बी हल्ला. जैबुनची नजर हुकली, खडे भलत्याच जागी पडले.

"सत्यभामा," ती म्हने, "हलू नोको. भांडन मंग कर."

आयुष्यात तेवढ्या वेळेपुरतं मी तोंड बंद ठेवलं. तो मानूस मांगून बोलतच राह्यला, चेटूक काय, करनी काय. मी दात आवळून उभी राह्यली. मनातल्या मनात त्याचा पुरा उद्धार केला, पन आरसा हलू देल्ला नाई. जैबुननं भलत्या जागचे खडे सावरले, एक मोठा हिरवा ठोकळा फोडला, अन् दुसरा डाव तिचा झाला. लोकं आता कलकल करत नोते. पुढं पुढं सरकत होते.

तिसऱ्या डावात धनसिंग जीव तोडून खेळला. तो वाईट खेळाडू नोताच. त्यानं दोनदा असा माल पाठवला का जैबुनचा डबा गळ्यापर्यंत आला. अजून दोन खडे पडले असते तर संपलं होतं. मुजफ्फर डोळे मिटून काईतरी पुटपुटत होता. मी पाह्यलं तर जैबुनच्या डब्यात खाली एक लाल ठोकळा, भल्ला मोठा, अन् त्याले फोडनारा गोटा काई येईना. तिच्या ओठावर घाम. पन डोळे आरशातून हल्ले नाई. मंग आला लाल गोटा. ती त्याले हळूच कडेनं खाली नेऊन राह्यली. मले वाटलं, अवं टाक ना लवकर! तिनं त्याची जागा होईपर्यंत त्याले धरून ठेवलं, अन् टेकवला. लाल फुटलं. त्याच्यावरचं निळं खाली आलं, खाली पडून असलेल्या निळ्या गोट्याले लागलं, ते बी फुटलं. मंग पिवळं. धनसिंगच्या डब्यात खड्याचा असा ढीग पडला का तो वरपर्यंत भरून गेला.

त्या दिवशी तिनं कोनाचं तोंड पाहून दया केली नाई.

मंग धनसिंग उभा राह्यला. मी आरसा ढालीसारखा धरला, म्हनलं आता यानं काई केलं तर पाहाते. तर तो लोकाइकडं वळून म्हने, "मुजफ्फरभाई साफ. तारा म्याच पाह्यल्या. मी हरलो, अन् रोज हरत होतो ते भाभीकडूनच हरत होतो." एवढं बोलून बाहीर निंघाला, जीपमधल्या सवाऱ्या वरडून राह्यलत्या ना.

नेमसिंग खाली मान घालून म्हने, "राहू द्या मोटर. उद्या घेऊन जातो."

अन् तवा जैबुन जे बोल्ली ते ऐकून मी आरसा खाली ठेवला, नाई तर फुटला असता. ती म्हने, "न्या ना, उघडून पाहा. तार म्याच भरली. तुमची बी, अन् मांगच्या साली तुमच्या भावाची बी."

नेमसिंगनं मुजफ्फरकडं पाह्यलं. मुजफ्फरनं मान हलवली, हाव म्हनून. नेमसिंगनं हात जोडले. मुजफ्फरले नाई, जैबुनले. "भावाच्या मोटरले अजून काई झालं नाई, भाभी," एवढं बोलला अन् गर्दीत मिसळला. त्या चेटूक-चेटूक करनाऱ्याले मी मंग गाठलं. ते काय काय बोलली ते इथं सांगत नाई, तुम्ही चांगले लोकं हायेत.

संध्याकाळी गर्दी गेली तशी मी दोन कप चहा घेऊन गेली. मुजफ्फर पेचकस घेऊन मशीनसमोर बसलता, पाटा हातात. जैबुन स्टुलावरच बसून होती, आत गेली नोती. पडदा तसाच बाजूले गोळा झालेला.

मुजफ्फर म्हने, "पाटा आत घेऊ का? तारा जशाच्या तशा लावून देतो. आरसा टांगतो."

"नाई," जैबुन म्हने. "इथंच बसतो मी. बाहीरच्या दांड्यावर. तारा सुलट्या कर."

"सुलटं तुले येत नाई. आज पाह्यलं ना साऱ्याइनं. पोट्टे सुद्धा हरवतीन तुले."

"हरवू दे. शिकीन."

"लोकं हासतीन, जैबुन."

जैबुननं चहाचा कप खाली ठेवला. शांतच होती ती, नेहमीसारखी. म्हने, "आजपर्यंत मी जिंकली तं मशीन जिंकली, अन् मी हरली तं मशीन हरली. मोटर चालली तं तुहं नाव. आता हरीन तं लोकं म्हनतीन, जैबुन हरली. म्हनू दे ना. तारा सुलट्या कर."

मुजफ्फरनं पाटा पालथा केला अन् पहिला पेच ढिला कराले लागला.